एक छोटा उतारा, पूर्ण आठवडा: बायबलमधून आशा आणि दिशा कशी शोधावी

नागपुरातल्या ख्रिस्ती घरांत वचनांची वानवा नाही. दारावर यहोशवाच्या चोविसाव्या अध्यायातली पाटी असते, भिंतीवर चर्चचं कॅलेंडर असतं, आणि नीट उजाडायच्या आत मोबाइलवर फुलांच्या चित्रासकट दोन-तीन वचनं येऊन पडलेली असतात. तरीही घरात कुणाचा रिपोर्ट वाईट येतो, मुलाची नोकरी जाते, सख्ख्या भावांत बोलणं बंद होतं, तेव्हा नेमकं कुठलं वचन धरायचं ते सुचत नाही. धरलं तरी दोन दिवसांत ते निसटतं.

श्रद्धा कमी पडली म्हणून असं होतं, असं मला वाटत नाही. आपण ओळ घेतो आणि उतारा सोडून देतो, म्हणून होतं. बायबलमधली प्रत्येक ओळ कुणीतरी कुणाला तरी, कसल्या तरी अडचणीत सांगितलेली आहे. ती अडचण कळली की ओळ आपल्याशी बोलू लागते. वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली. नव्या कराराच्या वचनांना आजचे आकडे १५५१ साली रॉबर्ट एस्तिएन या मुद्रकाने दिले. प्रेषित पौलाने मंडळीला पत्र पाठवलं तेव्हा ते सबंध वाचून दाखवलं जाईल याच हिशेबाने पाठवलं होतं.

म्हणून इथे सांगतो ती रीत साधी आहे. पाच ते दहा वचनांचा एकच उतारा घ्यायचा आणि आठवडाभर त्याच्याजवळ राहायचं. बायबल, एक वही, पेन आणि रोजची वीस मिनिटं एवढं पुरतं.

वेळ आणि जागा

यावर फार बोलायला नको. मे महिन्यात नागपुरात दुपारी डोकं चालत नाही, तेव्हा पहाटेच बसा. थंडीत रात्री जेवणानंतरही चालतं. ज्यांना सकाळी डबे, मुलांची शाळा आणि ड्युटी सांभाळायची असते त्यांनी खापरीच्या मेट्रोत किंवा बसमध्ये वाचायला काहीच हरकत नाही. फक्त त्या वेळी मोबाइलचं इंटरनेट बंद ठेवा. जागा रोज तीच असली तर मन लवकर लागतं.

आधी आपली अवस्था लिहा

बायबल उघडण्याआधी वही उघडा. आज मनात काय आहे ते दोन-तीन वाक्यांत लिहा, आणि देवाला सांगायला संकोच वाटेल असंच लिहा. 'माझ्यासाठी प्रार्थना करा, थोडं टेन्शन आहे' असं आपण घरच्या प्रार्थनासभेत म्हणतो, तसं नको. 'धाकट्याने कर्ज काढलं ते मला न सांगता काढलं, मला त्याचा राग आलाय आणि हप्ता कसा भरायचा ही भीतीही आहे' असं लिहा. या एका वाक्यात राग, भीती आणि पैशाचा खरा प्रश्न अशा तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींना एकच वचन पुरणार नाही. त्यातली आज सगळ्यात जड कुठली, तिच्याखाली रेघ ओढा. या आठवड्याचा उतारा तिच्यासाठी.

उतारा निवडताना

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन घ्यायचं, ही सवय आपल्यात बरीच आहे. ती वाईट हेतूने कुणी करत नाही, आणि देव त्यातूनही बोलू शकतो हे मी नाकारत नाही. पण रोजची रीत म्हणून ती धरू नये. आपल्याला हवं ते निघेपर्यंत पानं उलटण्याचा मोह होतो, आणि भलतंच काही निघालं तर माणूस उगाच घाबरतो.

त्यापेक्षा अवस्थेनुसार उतारे ठाऊक असू द्या. चिंतेसाठी मत्तय ६:२५-३४ आणि फिलिप्पै ४:४-९. भीतीसाठी स्तोत्र २७ ची पहिली सहा वचनं, स्तोत्र ४६, स्तोत्र १२१. थकव्यासाठी यशया ४०:२७-३१ आणि मत्तय ११:२८-३०. अपराधी वाटत असेल तर स्तोत्र ५१:१-१२, लूक १५:११-२४, १ योहान १:५-१०. घरात मृत्यू झाला असेल तर योहान ११:१७-४४. त्यात मार्था 'प्रभू, तू इथे असतास तर' असं येशूला तोंडावर म्हणते, आणि थोड्याच वेळात येशू स्वतः रडतो. एकटेपणासाठी स्तोत्र १३९:१-१२. उतारवयात, हातपाय साथ देत नाहीत तेव्हा यशया ४६:३-४ आणि स्तोत्र ७१:१७-१८. राग आवरत नसेल तर इफिस ४:२५-३२. परीक्षेच्या दिवसांत मुलांना मोठमोठ्या विजयाची वचनं देण्यापेक्षा स्तोत्र १३१ द्या. तीनच वचनं आहेत आणि आईच्या कुशीतल्या शांत बाळाचं चित्र आहे.

दीर्घ आजारासाठी मी २ करिंथ १२:७-१० सुचवतो आणि ते जरा धीर करूनच सुचवतो. तिथे पौलाने आपल्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो काटा गेला नाही. 'माझी कृपा तुला पुरेशी आहे' हे उत्तर त्याला मिळालं. बरं होण्यासाठी प्रार्थना करणाऱ्या घरात हा उतारा वाचायला लोक कचरतात. पण औषधोपचार वर्षानुवर्षं चालू असलेल्या माणसाला तो आधार देतो. कारण आजार हटला नाही म्हणजे देवाने तोंड फिरवलं असा अर्थ होत नाही, हे पौलाच्या आयुष्यातूनच दिसतं.

कुठलाच उतारा सुचत नसेल तर रविवारी चर्चमध्ये वाचलेला घ्या. याचा एक फायदा असा की तोच उतारा मंडळीतल्या इतरांनीही ऐकलेला असतो. आपल्या शहरात तर नाना परंपरांची माणसं एका घरातही सापडतात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआय) स्थापना झाली ती इथे नागपुरातच. कॅथलिक सासर आणि सीएनआय माहेर असलेल्या सुना आपल्या ओळखीत असतात. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. पण या लेखातला प्रत्येक उतारा दोन्हींत आहे, त्यामुळे एकत्र बसून वाचायला अडचण नाही.

मागचं-पुढचं वाचा

हा टप्पा लोक हमखास गाळतात, आणि माझ्या मते सगळं यावर अवलंबून आहे. त्यामुळे इथे थोडं थांबतो.

यिर्मया २९:११ घ्या. 'ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत' हे वचन वाढदिवसाच्या कार्डावर असतं, लग्नपत्रिकेवर असतं, बारावीच्या निकालाच्या दिवशी तर प्रत्येक ग्रुपवर असतं. आता पूर्ण २९ वा अध्याय उघडा. हे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतले राजघराणं, सरदार, कारागीर बाबेलला नेले. त्या पळवून नेलेल्या लोकांना यिर्मयाने हे पत्र पाठवलं. त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा 'दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल' असं सांगून टाळ्या घेतो. यिर्मया लिहितो की तसं होणार नाही. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्या शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आणि मग दहाव्या वचनात: सत्तर वर्षं. त्याच्यानंतर अकरावं वचन येतं.

म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना स्वतःच्या डोळ्यांनी परतीचा दिवस दिसणार नव्हता. हे कळल्यावर वचनातली आशा कमी होते का? मला तर ती तेव्हाच खरी वाटू लागते. मिहान औद्योगिक प्रकल्पात नोकरी लागेल म्हणून वाट पाहत बसलेल्या मुलाला 'लवकरच होईल' असं सांगणारी माणसं पुष्कळ असतात. यिर्मयाचं पत्र त्याला सांगतं की थांबायला लागलं तरी देवाचा संकल्प बदललेला नाही, आणि थांबण्याच्या काळातही घर बांधायचं असतं, झाड लावायचं असतं, शेजाऱ्यांचं भलं चिंतायचं असतं. निकाल मनासारखा लागला नाही तर कार्डावरची ओळ त्या मुलाला खोटी वाटेल. पूर्ण पत्र वाचलेलं असेल तर तसं होणार नाही.

फिलिप्पै ४:१३ चंही तसंच. 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे' हे लिहिताना पौल कैदेत होता, आणि त्याच्या लगेच आधीची दोन वचनं भरल्या पोटी आणि उपाशी पोटी, दोन्ही अवस्थांत तृप्त राहायला शिकण्याबद्दल आहेत. महिनाअखेरीला दूधवाल्याचे पैसे द्यायला नसतात तेव्हा हे वचन जितकं कामाला येतं तितकं स्पर्धा जिंकताना येत नाही.

विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात तर हे फारच ठळक दिसतं. परमेश्वराची करुणा रोज सकाळी नवी होते, हे आपण किती आनंदाने गातो! पण ते पुस्तक यरुशलेमेच्या विध्वंसावरचा शोक आहे, आणि त्या अध्यायाची सुरुवातीची वीस वचनं अंधार, तुरुंग, मोडलेली हाडं, खड्यांनी फुटलेले दात यांबद्दल आहेत. २२ वं आणि २३ वं वचन त्या ढिगाऱ्यातून उठलेलं आहे.

आणि ओळ तोडण्याचा धोका किती मोठा असतो, हे मत्तयाच्या चौथ्या अध्यायात दिसतं. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी नेतो आणि चक्क स्तोत्र ९१ मधलं वचन ऐकवतो: देवदूत तुला हातांवर झेलतील, उडी टाक. वचन खरं आहे, वापर खोटा आहे. येशू त्याला अनुवाद या पुस्तकातल्या सहाव्या अध्यायाने उत्तर देतो: परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको. एका वचनाला दुसऱ्या वचनाजवळ नेऊन तपासणं ही येशूची स्वतःची रीत आहे.

तर प्रत्यक्षात काय करायचं? निवडलेल्या उताऱ्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं वाचा. वहीत चार प्रश्नांची उत्तरं लिहा: कोण बोलतंय, कुणाशी, कसली अडचण होती, आणि हे वचन आश्वासन आहे, आज्ञा आहे, प्रार्थना आहे की घडलेली गोष्ट? शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. दावीदाची प्रार्थना म्हणजे देवाचं आश्वासन नव्हे, आणि इस्राएल राष्ट्राला दिलेला शब्द माझ्या प्लॉटच्या रजिस्ट्रीला जसाच्या तसा लावता येत नाही.

आठवडा कसा घालवायचा: स्तोत्र १३ घेऊन

स्तोत्र १३ मध्ये फक्त सहा वचनं आहेत. नमुना म्हणून तेच घेऊ.

पहिल्या दिवशी मोठ्याने वाचा, तीनदा. घरात कुणी असेल तर एकदा त्यांच्या तोंडून ऐका. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा तोच प्रश्न विचारतो: कुठवर? कुठवर तू मला विसरणार, कुठवर तोंड लपवणार, कुठवर मी मनात दुःख बाळगू, कुठवर शत्रू माझ्यावर वरचढ राहणार? मोठ्याने वाचताना चौथ्या वेळी आवाज आपोआप चढतो. देवाशी या सुरात बोलता येतं हेच पुष्कळांना नवीन असतं. लहानपणापासून आपल्याला प्रार्थना उपकारस्तुतीने सुरू करायला शिकवलेलं असतं. इथे पवित्र शास्त्रातच एक प्रार्थना तक्रारीने सुरू होते.

दुसऱ्या दिवशी हाताने लिहून काढा. मोबाइलवर कॉपी करू नका. लिहिताना डोळ्यांनी सुटलेलं हाताला सापडतं. तिसऱ्या-चौथ्या वचनात सूर बदलतो हे मला लिहितानाच जाणवलं होतं. तिथे प्रश्न थांबतात आणि मागणी सुरू होते: माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत तेज येऊ दे, नाहीतर मला मरणाची झोप लागेल.

तिसऱ्या दिवशी चौथ्या आणि पाचव्या वचनामध्ये बोट ठेवा. चौथ्यात शत्रू अजून तिथेच आहे. पाचव्यात दावीद म्हणतो की मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे, माझं मन हर्ष करील. मधल्या काळात काय झालं? स्तोत्र काही सांगत नाही. बातमी आली नाही, शत्रू हरला नाही. दुःख पूर्णपणे सांगून झाल्यावर त्याला आठवलं की आपण कुणाशी बोलतोय. हे एक वळण समजण्यासाठी मी एक दिवस राखून ठेवतो.

चौथ्या दिवशी स्तोत्र स्वतःच्या शब्दांत लिहा. चार 'कुठवर' तुमचे असू द्या. 'कुठवर मी बाबांना दर आठवड्याला डायलिसिसला नेऊ आणि घरी येऊन हसतमुख राहू?' असंही चालेल. मग मागणी लिहा. मग पाचवं वचन लिहा. ते आज मनापासून म्हणता येत नसेल तर 'हे म्हणायची मला शक्ती दे' असं लिहा. तेवढंही खोटं नसलेलं बरं.

उरलेले दिवस पाठांतर आणि आचरण. पाठ करायला चाल लावा. ओवी, अभंग, भजन हे आपल्या जिभेवर आहेतच, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगातच गायली. टिळकांची गोष्ट तर या लेखाला अगदी लागू आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. वाचता वाचता ते मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांपाशी, म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचले आणि तिथेच गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. बायबल संपवण्याची त्यांना घाई नव्हती. त्या तीन अध्यायांनी त्यांना धरून ठेवलं.

आचरण म्हणजे उताऱ्यातून आलेली एक छोटी कृती. स्तोत्र १३ नंतरची कृती बहुधा अशी असते: जे देवाला सांगितलं ते एका विश्वासू माणसालाही सांगायचं.

दिशा हवी असेल तेव्हा

आशा आणि मार्गदर्शन यांत फरक करायला हवा. आशेसाठी उतारा वाचताना आपण आधार घेतो. निर्णयासाठी वाचताना बायबलकडून 'हो' किंवा 'नाही' काढून घेण्याची घाई होते. समजा, नर्स असलेल्या मुलीला आखाती देशात नोकरी मिळते आहे आणि आई इथे एकटी आहे. जावं की नाही, याचं उत्तर कुठल्याही वचनात लिहिलेलं नाही. अब्राहामाला 'आपला देश सोडून जा' म्हटलं होतं म्हणून जायचं, किंवा रूथने सासूला सोडलं नाही म्हणून राहायचं, असं दोन्ही बाजूंनी ओढता येतं.

इथे मला याकोबाचं पत्र सगळ्यात उपयोगी वाटतं. १:५ मध्ये तो सांगतो की ज्ञान कमी पडत असेल तर देवाजवळ मागावं, तो दोष न लावता देतो. आणि ३:१७ मध्ये वरून येणारं ज्ञान ओळखायच्या खुणा देतो: ते शुद्ध असतं, शांतिप्रिय, सौम्य, समजूत होण्याजोगं, दयेने भरलेलं, पक्षपात न करणारं, ढोंग नसलेलं. वहीच्या एका पानावर 'जाणं' आणि दुसऱ्यावर 'राहणं' असं लिहा आणि प्रत्येक पानाला या खुणा लावून बघा. जाण्यामागचा हेतू शुद्ध आहे का, की इथल्या भांडणातून सुटका हवी आहे? राहण्यात दया आहे का, की 'लोक काय म्हणतील' हे ढोंग आहे? माझा निर्णय कुणी समजावून सांगितलं तर बदलू शकतो का? दोन्ही पानांवर प्रामाणिक उत्तरं लिहिली की मन कुठे अडतंय ते दिसतं.

याच्या जोडीला प्रेषितांची कृत्ये १६:६-१० वाचा. पौलाला आशिया प्रांतात वचन सांगायला मनाई होते, बिथुनियात जाऊ पाहतो तर तोही रस्ता बंद. त्रोवसला पोचल्यावर रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त होतो. आणि मग दहाव्या वचनात निष्कर्ष एकट्या पौलाने काढलेला नाही, 'आम्ही' ताडलं असं लिहिलेलं आहे. दृष्टान्त एकाला झाला तरी ठरवलं सगळ्यांनी मिळून. 'मला वचन मिळालं' म्हणून नोकरी सोडणाऱ्याने किंवा लग्न ठरवणाऱ्याने निदान दोन जाणत्या माणसांना ते सांगावं: पाळकसाहेब किंवा फादर, आणि घरातलं असं कुणीतरी जे आपल्याला हवं तेच बोलणार नाही. पैशाचा प्रश्न असेल तर बँकेतल्या ओळखीच्या माणसालाही विचारा. नीतिसूत्रांचं पुस्तक सल्लागारांचं महत्त्व पुन्हापुन्हा सांगतं, आणि ते सल्लागार फक्त धार्मिक असावेत असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

वचन कोरडं वाटतं तेव्हा

असे दिवस येतात. उतारा बदलायची घाई करू नका. तोच उतारा वाचा, फक्त कमी वाचा, एखादंच वचन. स्तोत्र ८८ मुद्दाम ठाऊक असू द्या. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीचं वळण नाही. तरीही ते १५० स्तोत्रांत जपून ठेवलं गेलं. अशा दिवशीही माणूस प्रार्थना करणाराच असतो.

पण कोरडेपणा आठवडेच्या आठवडे चालला, झोप उडाली, जेवण जात नाही, जगू नये असं वाटू लागलं, तर १ राजे १९:३-८ वाचा आणि त्याप्रमाणे वागा. एलीया झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. तो त्याला झोपू देतो, उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. देवाचं बोलणं त्याच्या बरंच नंतर, होरेब डोंगरावर होतं. आपल्या शरीराची आणि मनाची अशी काळजी घ्यायला डॉक्टर, समुपदेशक, औषधं आहेत. सरकारची टेली-मानस ही मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे. डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास सोडणं, असं कुणी सांगितलं तर त्यांना हा अध्याय दाखवा.

नोंद ठेवा

आमच्या मंडळीतल्या एका आजींचं बायबल मी जवळून पाहिलं आहे. काळं रेक्झिनचं कव्हर, पुठ्ठा सुटू नये म्हणून जाड दोऱ्याने मारलेले टाके. स्तोत्र १२१ च्या समासात तारखाच तारखा: काही पेन्सिलीने, काही निळ्या शाईने, एक लाल रिफिलने. प्रत्येक तारखेपुढे एखादाच शब्द. 'मेडिकल'. 'सुनेचं बाळंतपण'. 'घर'. 'ह्यांची बायप्सी'. पुढे काय झालं ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि त्यांतल्या सगळ्याच गोष्टी चांगल्या झाल्या नाहीत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तरी दर वेळी त्या त्याच आठ वचनांकडे परत आल्या. दिवसा सूर्याची बाधा होणार नाही, हे वचन नागपूरच्या उन्हात मेडिकल हॉस्पिटलच्या रांगेत म्हणायला फार जवळचं वाटतं, असं त्या म्हणाल्या होत्या.

तुम्हीही असंच करा. बायबलच्या समासात नको वाटत असेल तर वहीत करा. तारीख, उतारा, कारण. वर्षभराने चाळताना कुठले उतारे आपल्या आयुष्याला पुन्हापुन्हा लागतात ते कळतं. तेच तुमचे उतारे. ते नीट पाठ असू द्या, कारण आयसीयूच्या बाहेर वही जवळ नसते.

दुसऱ्याला वचन देताना

स्वतःसाठी एवढं केल्यावर इतरांना द्यावंसं वाटतंच, आणि ते चांगलं आहे. पण नुकतं दुःख झालेल्या घरात रोम ८:२८ घेऊन जाऊ नका. सगळं मिळून कल्याणकारक होतं, हे त्यांनी स्वतः एक दिवस म्हणायचं असतं. आपण त्यांना सांगायचं नसतं. त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायातलं पंधरावं वचन भेटीला जाणाऱ्यांसाठी आहे: शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले आणि चुकत गेले.

हॉस्पिटलात भेटायला गेलात तर आधी विचारा, 'एखादं स्तोत्र वाचू का?' नको म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. हो म्हटलं तर छोटं वाचा, स्तोत्र २३ किंवा १२१, हळू आवाजात, आणि स्पष्टीकरण देऊ नका. शेजारच्या कॉटवरचे पेशंट वेगळ्या धर्माचे असतात, त्यांचाही विचार ठेवा. प्रार्थना दोन मिनिटांची करा. मग जो नातेवाईक रात्रभर स्टुलावर बसून आहे त्याला म्हणा, 'तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून, जेवून या, तोवर मी इथे बसतो.'